टाकीपासून कढईपर्यंत: दसरा काढताना केलेली स्वयंपाकघराची तपासणी

पितृपंधरवडा लागला की मराठवाड्यात घरोघर दसरा काढायला सुरुवात होते. गोधड्या धुवायला निघतात, फळीवरचे डबे-पातेली अंगणात येतात, भिंती झाडल्या जातात. शेगडी साबण-सोड्यानं घासून निघते. गॅसची टाकी जागची हलते, नळी ओढली जाते, ताणली जाते, पुन्हा कशीतरी मागं कोंबली जाते. आणि चार-आठ दिवसांत त्याच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, देव्हाऱ्यापुढं जमिनीवर घट बसतात. मग नऊ दिवस अखंड दिवा. गॅस आणि शेगडीची कामं करणाऱ्या आम्हा लोकांना वर्षातली सगळ्यात जास्त काळजी याच दिवसांची असते. म्हणून लातूर, औसा, निलंगा या पट्ट्यात आम्ही तपासणीची कामं शक्यतो घट बसायच्या आधी उरकतो. स्वयंपाकघर तसंही मोकळं झालेलं असतं, टाकीमागं हात घालता येतो, ओट्याखालचं दिसतं.

बहुतेक घरांत पहिलं वाक्य एकच ऐकू येतं, ‘टाकी फुटंल का हो?’ लोकांची सगळी भीती टाकीवर असते. पण ती जाड पोलादाची, कारखान्यात दाबाखाली तपासलेली असते. ती फुटते तेव्हा बहुधा बाहेर लागलेल्या आगीत तापून फुटते. ती आग सुरू होते दोन बोटांच्या रबरी रिंगेपाशी, नळीच्या टोकाशी, शेगडीच्या नॉबपाशी किंवा कढईतल्या तेलात. त्यामुळं आम्ही टाकीकडं कमी आणि टाकी ते कढई या वाटेकडं जास्त बघतो.

घरात शिरल्यावर आधी कुठलाच पाना काढत नाही. दार-खिडकी उघडतो, देव्हाऱ्यातला दिवा आणि उदबत्ती बाहेर न्यायला सांगतो, चूल पेटलेली असेल तर काम पुढं ढकलतो. गॅसच्या वासाचा जरा जरी संशय असला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद. बटण दाबताना आत जी ठिणगी पडते ती पुरेशी असते. फ्रिज आपोआप चालू-बंद होतो, त्याचंही तेच, आणि फ्रिजची यंत्रणा तळाशी, म्हणजे नेमकी गॅस साचतो त्या उंचीला असते.

घरगुती गॅस हवेपेक्षा जवळजवळ दुप्पट जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो, खोलगट जागी आणि मोरीत साचतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण 2 ते 9 टक्के झालं की तो पेट घेतो. आपल्याकडच्या घरांना उंच उंबरा असतो, तो पाणी अडवतो तसा गॅसही अडवतो. वर छताजवळ कितीही मोठी जाळी असली तरी खाली वाट नसेल तर गॅस घरातच राहतो. पत्र्याच्या खोल्यांत हे जास्त दिसतं: वर पत्रा आणि भिंतीमध्ये वीतभर फट, खाली मात्र सगळं बंद. दाराच्या खाली दोन बोटं मोकळी जागा किंवा बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत एक जाळीची वीट एवढं केलं तरी फरक पडतो. टाकी लाकडी कपाटात बंद केली असेल तर कपाटाला तळाशी भोकं पाहिजेत. आता यावर जमिनीवरचा घट आणि त्यापुढचा दिवा ठेवून बघा. रात्रीतून कुठं बारीक गळती झाली तर गॅस पहिल्यांदा तिथंच पोचतो. देव्हारा हलवता येत नाही हे आम्हाला माहीत आहे. त्या घरांत आम्ही टाकीची जागा बदलतो, शक्य असेल तितकी दिव्यापासून लांब आणि दाराजवळ, आणि नवरात्रात रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायचा हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवतो. ज्यांची उठबस अखंड दिव्यात तेल घालायला रात्री होते, त्यांना तर दोनदा.

टाकीचं काम थोडक्यात उरकतं. ती उभी पाहिजे, सपाट जागी, उन्हात नाही, चुलीच्या धगीत नाही. वरच्या कड्याला जोडणाऱ्या उभ्या पट्टीच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. ‘सी 28’ असेल तर ती टाकी सप्टेंबर 2028 पर्यंत चालते, त्यानंतर तिची पुन्हा दाबचाचणी व्हावी लागते. तारीख उलटलेली टाकी दारातूनच परत करायची. त्याच पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, त्यात 14.2 किलो मिळवले की भरलेल्या टाकीचं वजन येतं.

एक गोष्ट मात्र सांगून सांगून आम्ही थकलो. गॅस संपत आला की टाकी आडवी करायची, हलवायची, थंडीत तिच्यावर गरम पाणी ओतायचं. आत गॅस द्रवरूपात असतो, वर वाफ असते, आणि रेग्युलेटर फक्त वाफेसाठी बनवलेला आहे. टाकी आडवी केली की नळीत द्रव येतो. त्या एका लिटर द्रवाची बाहेर सुमारे अडीचशे लिटर वाफ होते. शेगडीची ज्योत एकदम हातभर उठते आणि समोर जो वाकलेला असतो त्याच्या तोंडावर येते. उरलेल्या पावशेर गॅसपायी हे करू नये.

आता रिंग. रेग्युलेटर बंद करून काढला की टाकीच्या तोंडात, आतल्या कडेला, काळी रबरी गोल रिंग दिसते. तिला बहुतेक जण वायसर म्हणतात. मोबाइलचा टॉर्च बाहेरूनच चालू करून आत आणायचा आणि बघायचं: रिंग आहे का, तुटलीय का, एका बाजूला चेपलीय का, तिच्यावर माती किंवा सील फोडताना राहिलेला प्लास्टिकचा तुकडा बसलाय का. गळतीचे दोन वेगळे प्रकार इथंच ओळखता येतात. टाकीच्या तोंडात चमचाभर साबणाचं पाणी टाकलं आणि रेग्युलेटर न लावताच बुडबुडे आले, तर गॅस रोखणारी आतली पिन नीट बसत नाही. रेग्युलेटर नसताना सगळं शांत आणि लावल्यावर वास येतो, तर दोष रिंगेचा. रिंग बदलता येते, पण पिनेला हात लावायचा नाही. खिळ्यानं, स्क्रू ड्रायव्हरनं पिन दाबून ‘बसतीय का बघू’ करणारे भेटतात, तेव्हा तोंडातून गॅसचा फवाराच उडतो.

पिन गळत असेल तर उपाय टाकीबरोबरच आलेला असतो: दोरीनं बांधलेलं प्लास्टिकचं झाकण. ते तोंडावर दाबून खट्कन बसवलं की गळती थांबते. म्हणून ती दोरी तोडायची नाही. झाकण चुलीत टाकलेलं, पोराच्या खेळण्यात गेलेलं, डब्याला बूच म्हणून वापरलेलं आम्ही बघतो. ज्या घरात झाकण नाही तिथं टाकी गळायला लागली की बोटांनी दाबून धरण्यापलीकडं काही उरत नाही. झाकण बसवून टाकी अंगणात उघड्यावर न्यायची, गटारीपासून आणि चुलीपासून लांब, आणि वितरकाला किंवा 1906 या गॅसगळतीच्या क्रमांकाला फोन करायचा. फोनही घराबाहेर जाऊनच.

टाकी दारात येते तेव्हाच ही सगळी तपासणी, वजनासकट, आणणाऱ्याकडून करून घ्यायची. घाईत असला तरी थांबवायचं. ‘दादा, जोडून, पाणी लावून दावा’ एवढं म्हटलं की पुरतं.

नळीत आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवतो. नारिंगी रंगाची, आत पोलादी तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी असेल तर तिच्या अंगावर आयएस 9573 हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि बनवल्याचा महिना-वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षं झाली की ती बदलायची, दिसायला कितीही चांगली असली तरी. लांबी दीड मीटरच्या आत. अजूनही काही घरांत जुनी हिरवी किंवा काळी रबरी नळी सापडते, ती आम्ही तपासत बसत नाही, सरळ काढायला लावतो. नळी हातात घेऊन वीतभर वीतभर वाकवत जायचं. वाकवल्यावर केसासारख्या भेगा उघडतात, सरळ असताना त्या दिसत नाहीत. दोन्ही टोकांची चार बोटं नीट बघायची, कारण शेगडीकडचं टोक धगीनं कडक होतं आणि टाकीकडचं टोक दर वेळी ओढताण सोसतं.

स्वयंपाकघरातच ज्वारीची पोती, कणगी असेल तर उंदीर असतातच, आणि नळी कुरतडणं त्यांना फार आवडतं. नळीला कापड गुंडाळलेलं असलं की आम्ही ते आधी सोडवतो. बायका ते नळी घाण होऊ नये म्हणून गुंडाळतात, आणि त्याखाली दात लागलेला महिनोन्‌महिने कळत नाही. दसरा काढताना नळी रॉकेलच्या बोळ्यानं पुसायची पद्धत अजून आहे. रॉकेल आणि खाण्याचं तेल दोन्ही रबराला फुगवतात, मऊ करतात. ओल्या कापडानं पुसली की झालं. नळी शेगडीच्या खालून किंवा बर्नरमागून जाता कामा नये, ओट्याला पाडलेल्या भोकाची कड तिला कापत नाही ना हे बघायचं, आणि एका टाकीवर टी (दोन फाट्यांचा जोड) बसवून दोन शेगड्या चालवायच्या नाहीत. बसवताना नळी नोझलवर शेवटपर्यंत सरकली पाहिजे. जात नसेल तर टोक कोमट पाण्यात मिनिटभर बुडवायचं. काडी ओढून शेकायचं नाही, शेकलेलं रबर दोन महिन्यांत तडकतं.

गळती शोधायला अर्धी वाटी पाणी, एक चमचा भांडी घासायचा पातळ साबण आणि जुना दाढीचा ब्रश. काडीपेटी नाही. क्रम ठरलेला: नॉब बंद, रेग्युलेटर चालू, मग रेग्युलेटर आणि टाकीच्या जोडावर पाणी, मग नळीचं एक टोक, सगळी नळी, दुसरं टोक, शेगडीत गॅस शिरतो तो जोड आणि शेवटी एकेका नॉबची दांडी. प्रत्येक ठिकाणी मनात दहापर्यंत मोजायचं. मोठी गळती असली की फेस लगेच उसळतो, ती नाकालाही कळते. बारीक गळतीत मोहरीएवढा एकच बुडबुडा येतो, हळूहळू हरभऱ्याएवढा होतो, फुटतो, आणि त्याच जागी दुसरा यायला लागतो. असा बुडबुडा आम्हाला नळीपेक्षा नॉबपाशी जास्त दिसतो. घरची मावशी म्हणते, ‘वास तर येत नव्हता.’ गॅसला वासासाठी इथिल मर्कॅप्टन मिसळलेलं असतं खरं, पण दिवसभर त्याच खोलीत वावरणाऱ्या नाकाला बारीक वास कळेनासा होतो. बाहेरून आलेल्या माणसानं ‘वास येतोय का हो’ म्हटलं तर ते खरं धरायचं.

नॉबच्या आत पितळी शंकू असतो, त्यावर ग्रीसचा थर असतो आणि तोच गॅस अडवतो. वर्षा-दोन वर्षांत ग्रीस सुकतं, नॉब जड फिरतो. मग कोणीतरी त्यात खोबरेल तेल सोडतं. नॉब आठ दिवस लोण्यासारखा फिरतो, तेल धगीनं पातळ होऊन वाहून जातं, उरलेल्या चिकट्यावर धूळ बसते आणि शंकूला ओरखडे पडतात. तिथून गळती कायमची. नॉब जड झाला की मिस्त्रीकडून खोलून, पुसून, उष्णता सोसणारं ग्रीस भरून घ्यायचं. हे काम घरी करू नये. शंकू थोडा जरी तिरका बसला तर ‘बंद’वर ठेवूनही गॅस चालू राहतो.

घासून धुतलेल्या शेगडीची आणखी एक भानगड असते. बर्नर धुतले, ओले बसवले की ज्योत पिवळी होते, फटफट आवाज करते, कधी आतल्या आत पेटते. बर्नर उपडे ठेवून उन्हात पूर्ण वाळवायचे, भोकं सुईनं मोकळी करायची, आणि शेगडीची खालची नळीही आतून कोरडी आहे ना बघायचं. सुकल्यावरही पिवळी ज्योत राहिली, भांड्याला काजळी धरली, तर हवा येण्याची जागा बुजली आहे किंवा जेटमध्ये, म्हणजे बर्नरात गॅस सोडणाऱ्या बारीक भोकात, कचरा आहे. जेट जाड तारेनं टोकरू नका. भोक एकदा मोठं झालं की जास्त गॅस येतो, हवा तेवढीच राहते आणि काजळी कायमची होते.

उज्ज्वला योजनेतली टाकी आली पण ओटा नाही, अशी घरं आपल्याकडं पुष्कळ आहेत. शेगडी जमिनीवर, शेजारी टाकी. इथं आमचा एकच आग्रह असतो: शेगडी टाकीच्या रेग्युलेटरपेक्षा उंच पाहिजे. दोन बाजूंना विटांची अडीच-तीन फुटांची भिंत आणि वर शहाबादी फरशी, एका दिवसाचं काम आहे. जमिनीवरच्या ज्योतीपाशी गळालेला गॅस लगेच पोचतो, पदर आगीच्या उंचीला येतो आणि रांगतं पोरही.

शेगडीच्या भोवती काय काय असतं याची यादी करायला बसलं तर दिवस जाईल. मागच्या भिंतीला कॅलेंडर, फळीला प्लास्टिकची झालर, बर्नरपासून हातभर अंतरावर तेलाची पिशवी फोडून उभी केलेली बरणी. हातभर म्हणजे कमी. मीटरभर मोकळं ठेवा, आणि फळी असलीच तर तिच्यावर रोज लागणारं काही ठेवू नका, पेटत्या शेगडीवरून हात न्यावा लागतो. महालक्ष्म्यांना किंवा येळवसच्या (वेळा अमावस्येच्या) आदल्या रात्री घरातलं सगळ्यात मोठं पातेलं शेगडीवर चढतं आणि बर्नरच्या चारी बाजूंनी बाहेर येतं. त्याच्या बुडाखालची धग बाहेर पडायला जागा नसते, ती खाली नॉबवर, नळीवर आणि काचेच्या शेगडीच्या काचेवर उतरते. काच तडकते ती अशाच वेळी. एवढं मोठं भांडं अंगणातल्या चुलीवरच बरं.

तेलाकडं जरा सविस्तर बघू, कारण गॅसची सगळी जोडणी निर्दोष असली तरी कढई पेटते. त्यात टाकीचा काही संबंध नसतो. तेल तापत जातं, आधी धूर येतो, आणि गॅस बंद न करता तसंच राहिलं तर साधारण 350 अंशांच्या पुढं ते ज्योत न लागताच स्वतःहून पेट घेतं. धूर हा शेवटचा इशारा आहे. घाण्यावरच्या करडई तेलाला रिफाइंडपेक्षा लवकर धूर येतो, त्यामुळं ज्या घरात तेल बदललंय तिथं जुन्या अंदाजानं आच ठेवू नये. दोन-तीनदा तळलेल्या, गाळ राहिलेल्या तेलालाही लवकर धूर येतो. कढई अर्ध्यापेक्षा जास्त भरायची नाही. पुऱ्या, करंज्या टाकल्यावर तेल वर चढतं, फेसाळतं, कडेवरून ओघळतं आणि खालच्या ज्योतीला लागतं. आग वरून आत नाही, खालून वर चढते.

तळणाला बसण्यापूर्वी दोन वस्तू हाताशी: चिमटा आणि कढईपेक्षा मोठी परात. परात आपल्याकडं प्रत्येक घरात असते आणि तिच्याइतकं चांगलं झाकण बाजारात मिळत नाही. कढईतलं तेल पेटलं तर आधी नॉब बंद. हात पोचत नसेल तर रेग्युलेटर. मग परात स्वतःसमोर ढालीसारखी तिरकी धरून आपल्या बाजूकडून पुढं सरकवत कढईवर ठेवायची, वरून आदळायची नाही. ठेवली की पंधरा-वीस मिनिटं उचलायची नाही. आग दिसेनाशी झाली तरी तेल अजून तेवढंच तापलेलं असतं, हवा मिळाली की पुन्हा पेटतं. कढई उचलून अंगणात न्यायची नाही, भाजण्याच्या सगळ्यात वाईट जखमा या दारापर्यंतच्या चार पावलांत होतात. परात नसेल तर सुती कापड भिजवून, घट्ट पिळून, ठिबकणार नाही असं करून वर टाकायचं.

पाणी नाही. हे घरातल्या पुरुषांना जास्त सांगावं लागतं, कारण ओरडा ऐकून धावत येणारा माणूस पहिल्यांदा मोरीतली बादली उचलतो. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जातं, आणि तिथल्या उष्णतेनं एका क्षणात त्याची सुमारे 1,700 पट वाफ होते. ती वाफ वरचं पेटतं तेल छतापर्यंत उडवते. पीठही टाकू नका. बेसन किंवा कणीक हवेत उधळली की तीच भडकते.

नवरात्रात उपवासामुळं साबुदाणा वडे होतात आणि ते कढईत फुटतात. कारण वाफ. साबुदाणा भिजवून पाणी पूर्ण निथळलेलं नसतं, वड्याच्या आत ओल अडकते, बाहेरून कवच धरतं आणि वाफेला वाट मिळत नाही. साबुदाण्याच्या वर बोटाच्या पेराएवढंच पाणी घालून भिजवायचा, भिजल्यावर चाळणीत अर्धा तास ठेवायचा, बोटांत दाबून तो पूर्ण चुरला पाहिजे. वडा चपटा थापायचा, मधे बोटानं भोक पाडायचं, मध्यम आचेवर सोडायचा. भज्यांच्या मिरचीला उभी चीर देणं त्याच कारणासाठी. वडा सोडताना कढईच्या कडेनं, जवळून सोडायचा. भीतीनं लांबून टाकला की तेल जास्त उडतं.

कुकरचं थोडक्यात: वरणासाठी डाळ आणि पाणी मिळून निम्म्याच्या वर नको, डाळ फेसाळून शिट्टीची नळी बुजवते. दर वेळी नळीतून उजेडाकडं बघायचं, आरपार दिसला पाहिजे. सुरक्षा झडप उडाली तर त्याच कंपनीची नवी बसवायची, तिथं खिळा किंवा शिसं भरणाऱ्यांची गय करू नये.

चूल अजून सुटलेली नाही, आणि सुटावी असा हट्ट आम्ही धरत नाही. पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या, झपकन पेटतात, झपकन विझतात, त्यामुळं सतत सारत राहावं लागतं. लांब पऱ्हाटीचं बाहेरचं टोक पेटत मागं येतं आणि शेजारच्या ढिगाला लागतं. सरपण चुलीपासून चार हात लांब ठेवायचं, हाताशी एका वेळेपुरतंच. विझलेली वाटणाऱ्या चुलीत रॉकेल ओतायचं नाही, तापलेल्या राखेवर त्याची वाफ होते आणि भडका बाटलीपर्यंत उलटा येतो. राख बारा तास तरी विस्तव धरून असते. ती पाणी मारून, ढवळून, मगच उकिरड्यावर टाकायची. फाल्गुन-चैत्राच्या वाऱ्यात उकिरड्यावरचा विस्तव कडब्याच्या गंजीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. एकाच खोलीत चूल आणि गॅस असेल तर चूल पेटलेली असताना टाकी बदलायची नाही.

लातुरात आणि छत्रपती संभाजीनगरात शिकवण्यांसाठी राहणाऱ्या पोरांच्या खोल्या हा वेगळाच विषय आहे. दहा बाय दहाची खोली, त्यात बर्नर थेट डोक्यावर बसवलेली बिनमार्क्याची छोटी टाकी, कुठल्यातरी दुकानातून मोठ्या टाकीतून उलटी करून भरून आणलेली. तिच्यात किती भरलंय याचा हिशेब नसतो, आणि पूर्ण काठोकाठ भरली तर उन्हात द्रव फुगायला आत जागाच उरत नाही. गॅस कंपन्यांची 5 किलोची छोटी टाकी ओळखपत्रावर मिळते. आई-वडिलांनी निदान तेवढं बघावं. नाहीतर इंडक्शन बरं, पण ते 2,000 वॉटचं असतं, म्हणजे सुमारे 9 अँपिअर ओढतं. दिव्याच्या 6 अँपिअरच्या सॉकेटमध्ये किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर ते लावलं की सॉकेट आतून वितळतं. 16 अँपिअरचा जाड सॉकेट पाहिजे. गावाकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा मिक्सर दमानं फिरतो आणि जास्त तापतो, अशा वेळी चटणी पाट्यावर वाटलेली परवडते.

अग्निशामक घ्यायचाच असेल तर 2 किलोचा एबीसी पावडरचा घ्या. शेगडीच्या वर लावू नका, आगीतून हात घालून काढावा लागेल. दाराजवळ ठेवा. त्याच्यावरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा हिरव्यात आहे ना ते महिन्याला बघायचं. पिन ओढायची, नळीचं तोंड आगीच्या बुडाकडं, दांडी दाबायची आणि आडवं फिरवायचं. पेटत्या कढईवर मात्र दोन मीटरवरून, जवळून मारला तर पावडरच्या झोतानंच तेल उडतं. आधी परातच.

टाकीच्या तोंडापाशीच ज्योत लागली तर लोक पळतात किंवा फुंकतात. पोतं किंवा गोधडी पाण्यात बुडवून हातावर घ्यायची आणि तिच्या आडून रेग्युलेटर बंद करायचा. गॅस बंद झाला की आग विझते. गॅस बंद करता येत नसेल तर ज्योत नुसती विझवू नये, न जळलेला गॅस घरभर भरतो आणि पुढच्या ठिणगीला सगळी खोली उडते. टाकी स्वतः ज्वाळांत सापडली असेल तर तिच्याजवळ जायचंच नाही, सगळ्यांना बाहेर काढायचं, शेजारच्यांनाही, आणि 101 किंवा 112 लावायचा.

भाजलेल्या जागेवर नळाचं साधं गार पाणी 20 मिनिटं. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही. बांगड्या, अंगठी, जोडवी लगेच काढायची, सूज आल्यावर त्या कापाव्या लागतात. नायलॉनची साडी अंगाला चिकटली असेल तर ओढायची नाही, भोवतीचं कापड कापून घ्यायचं. फोड फोडायचे नाहीत. वर स्वच्छ, ओलसर सुती कापड सैल ठेवायचं. भाजलेल्याचा स्वतःचा पंजा बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का, त्यावरून डॉक्टरांना फोनवर अंदाज देता येतो. चेहरा, हाताचे पंजे, सांधे किंवा गुप्तांग भाजलं असेल, किंवा माणूस लहान मूल अगर म्हातारं असेल, तर टक्के मोजत बसायचं नाही, 108 ला फोन करायचा. आवाज घोगरा झाला असेल, नाकातले केस जळले असतील तरी तेच. आत श्वासनलिकेला धग लागलेली असते आणि सूज तासाभरानं येते.